अर्ध्या तासाची मालकी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अमलात आणल्या आणि १९४८ चा कारखाने अधिनियम कायद्याच्या पुस्तकातून उठला. संपाचा हक्क, कामगारकपात, कंत्राटी पद्धत या मोठ्या प्रश्नांवर कामगार संघटनांनी आवाज उठविला आणि तो उठवावयासच हवा होता. परंतु त्या गदारोळात एक लहानसे कलम फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. ते म्हणजे जुन्या अधिनियमाचे ५५ वे कलम. कोणाही प्रौढ कामगाराकडून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घ्यावयाचे नाही, त्याआधी त्यास निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळालीच पाहिजे, असे ते सांगे. अपवाद म्हणून ही मर्यादा सहा तासांपर्यंत नेता येई, पण तीही लेखी हुकमाने आणि कारणे नमूद करून. आता त्याच्या जागी आलेल्या संहितेचे २५ वे कलम आठ तासांचा दिवस तोंडाने कबूल करते. मधल्या विश्रांतीबद्दल मात्र त्यात एवढेच आहे की, समुचित सरकार अधिसूचनेने ठरवील तशी ती असेल. पाच हा आकडा तेथे नाही. अर्धा तासही नाही.

कोणी म्हणेल, यात एवढे काय बिघडले? कोणतेही सरकार अधिसूचना काढताना अर्धा तास देईलच की. शिवाय नवे नियम येईपर्यंत जुन्या तरतुदी चालू राहतील, असे आश्वासनही देण्यात आले आहे. देईल, न देईल, हा प्रश्नच नव्हे. कायद्यातले कलम बदलावयाचे तर विधिमंडळात विधेयक आणावे लागते, त्यावर चार माणसे बोलतात, वर्तमानपत्रांत छापून येते, मोर्चा काढावयास तारीख मिळते. अधिसूचना राजपत्रात छापली जाते आणि ज्याच्या जेवणाची वेळ तिने बदलली त्याला ती भिंतीवरच्या नोटिशीतून कळते. जो हक्क होता तो सवलत झाला. सवलत देणाऱ्याला ती आवळण्याचाही अधिकार असतो.

आणि आवळण्याचा कल कोणीकडे आहे हे संहितांच्या आधीच दिसले होते. कर्नाटकाने २०२३ मध्ये कारखाने अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती केली, तिने दिवसाचे काम बारा तासांपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली आणि विश्रांतीशिवाय सलग सहा तास काम घेण्याचीही. गुजरातने १ जुलै २०२५ च्या अध्यादेशाने तेच केले. म्हणजे जो सहावा तास १९४८ मध्ये अपवाद होता तो तेथे नियम झाला. आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी कारखान्यांतील दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा नवावरून बारा तासांवर आणि दुकाने व आस्थापना यांतील नवावरून दहावर नेण्याचा निर्णय घेतला. त्याच निर्णयात, कामगार कारखान्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा, विश्रांती धरूनचा, एकूण कालावधी साडेदहा तासांवरून बारा तासांवर नेला आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला अंकगणिताची खोड असते, म्हणून विचारतो: बारा तासांच्या आवाक्यात बारा तासांचे काम बसविले तर विश्रांतीला उरते काय?

हा अर्धा तास आला कोठून, हे आपल्या तरुण साथींना सांगितले पाहिजे, कारण तो दिल्लीने दिलेला नाही आणि लंडननेही आपण होऊन दिलेला नाही. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. त्या भरविणारे नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज त्या वेळी कारखाना आयोगापुढे गेला त्यातल्या मागण्या आज वाचल्या म्हणजे त्यांच्या साधेपणानेच मन विषण्ण होते. दर रविवारी पुरी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. यंत्रात सापडून जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटाची सोय. त्यात पगारवाढ नाही हे लक्षात घ्या. अर्जदार वेळ मागत होते आणि तीही सूर्य मावळल्यानंतरची आणि दुपारच्या भाकरीपुरती.

रविवार मिळावयास सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कारखाने कायद्यात आला. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान पुरा अर्धा तास काम संपूर्ण थांबले पाहिजे, असे त्याने ठरविले. ‘संपूर्ण थांबले पाहिजे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांकडे पुन्हा येऊ.

येथे एक अप्रिय आठवण टाळता येत नाही. त्या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ होता. हिंदुस्थानातील गिरण्यांची स्पर्धा त्यांना खुपत होती. ते हेरून आपल्या राष्ट्रीय वृत्तपत्रांपैकी बहुतेकांनी कायद्याला विरोध केला. देशी उद्योग बुडेल, हा त्यांचा युक्तिवाद. शिवाय मालकांचे दुसरे एक म्हणणे होते की, हिंदी मजूर तसाही सलग काम करीत नाही, विडीच्या निमित्ताने, पाण्याच्या निमित्ताने तो खात्याबाहेर असतोच, त्याला आणखी विश्रांती कशाला? दोन्ही युक्तिवाद आज एकशे तीस वर्षांनंतर जसेच्या तसे ऐकू येतात. लँकेशायरच्या जागी व्हिएतनाम आणि बांगलादेश आले, विडीच्या जागी मोबाइल आला, इतकाच फरक. देशाच्या नावाने कामगाराची भाकरी मागणारे तेव्हाही देशभक्तच होते.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेत जगासाठी आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरला; ब्रिटिश हिंदुस्थानपुरता मात्र साठ तासांचा आठवडा मान्य झाला. १९२२ च्या कायद्याने तो येथे आणला, १९३४ मध्ये चौपन्न झाले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस. स्वातंत्र्यानंतर पाच तासांनी अर्धा तास हे सूत्र कारखान्यांच्या कायद्यापुरते न राहता मळ्यांच्या, मोटारवाहतुकीच्या, विडी कामगारांच्या कायद्यांत गेले. एस.टी.च्या चालकाला मिळणारी विश्रांती ही आगारप्रमुखाची मेहेरबानी नसून १९६१ च्या कायद्याचे फळ होते. हे सारे कायदे आता त्या एकाच संहितेच्या पोटात गेले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे. हा अर्धा तास पगारी की बिनपगारी? आपल्या कायद्याचे उत्तर सरळ आहे. मधली सुट्टी कामाच्या तासांत धरली जात नाही. आठ तास काम आणि अर्धा तास सुट्टी म्हणजे कारखान्यात साडेआठ तास, आणि पगार आठांचा. संघटित कारखान्यांत सकाळ-दुपारच्या चहाची जी दहा-दहा मिनिटे पगारात धरली जातात ती कायद्याने नव्हे, संघटनेच्या करारांनी मिळविलेली आहेत. म्हणूनच त्याच छपराखाली काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या वाट्याला ती येत नाहीत. चहाची किटली दोघांच्या मधून जाते, एकाचा पेला भरतो आणि दुसऱ्याचा रोज.

बिनपगारी सुट्टी हा अन्यायच, असे मी म्हणणार नाही. किंबहुना बिनपगारी असण्यात एक तत्त्व दडलेले आहे, ते आपण आपल्या बाजूने वापरावयास शिकले पाहिजे. ज्या वेळेचे पैसे मालक देत नाही ती वेळ त्याची नव्हे. १९३० च्या आंतरराष्ट्रीय करारात, जो दुकाने व कचेऱ्यांसाठी झाला, कामाच्या तासांची व्याख्या अशीच आहे: नोकर मालकाच्या हुकमाखाली असतो तो सारा वेळ कामाचा, आणि विश्रांती ती की जिच्यात तो हुकमाखाली नसतो. आपल्या मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्यानेही शेवटच्या थांब्यावरची पंधरा मिनिटांहून कमी अशी नुसती हजेरी कामातच धरली होती. म्हणजे हात चालतात की नाही ही कसोटी नव्हे. उठून जाता येते की नाही, ही कसोटी.

या कसोटीला आजचे किती अर्धे तास उतरतील? यंत्र चालूच ठेवून त्याच्या शेजारी डबा उघडावयाचा. सुरक्षारक्षकाने दाराच्या खुर्चीतच जेवावयाचे, कारण सुटका करणारा दुसरा माणूस नाही. परिचारिकेने अर्धी पोळी ठेवून घंटेकडे धावावयाचे. हे अर्धे तास हजेरीपटावर विश्रांती म्हणून कापले जातात आणि प्रत्यक्षात काम म्हणून वापरले जातात. एकच वेळ दोनदा घेतली जाते. १८९१ च्या कायद्याने काम ‘संपूर्ण थांबले पाहिजे’ असे म्हटले ते यासाठी. भोंगा झाला, पट्टा उतरला, साचे थांबले की कोणाला कोणाचे लक्ष ठेवावयाचे कारणच उरत नसे. पुढे पाळ्या आल्या, यंत्र अखंड चालू लागले, आणि विश्रांती एकेका कामगाराची खाजगी बाब झाली. तेथूनच ती कुरतडणे सोपे झाले.

कुरतडणे हा शब्द जाणूनबुजून वापरला. मार्क्सने ‘कॅपिटल’मधील कामाच्या दिवसावरील प्रकरणात जो पुरावा दिला आहे तो बहुतांशी इंग्लंडच्या सरकारी कारखाना निरीक्षकांच्या अहवालांतला आहे. जेवणाच्या सुट्टीची मिनिटे कशी चोरली जातात, हे त्या निरीक्षकांनीच नोंदविले होते. हिशेब आपणही करू शकतो. रोज दहा मिनिटे, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे पन्नास तास: आठ तासांचे सहा दिवस आणि वर दोन तास. अर्धा तास सबंध गेला तर दीडशे तास, जवळजवळ एकोणीस दिवस. शंभर कामगारांच्या कारखान्यात मालकाला सहा माणसांचे वर्षाचे काम फुकट मिळते. वरकड मूल्याचा सिद्धांत शिबिरात समजावून सांगताना मी फळ्यावर पुष्कळ सूत्रे लिहिली आहेत, परंतु जेवणाच्या डब्याइतके चांगले उदाहरण मला सापडले नाही.

दुकानांची कथा याहून वाईट आहे आणि तिच्याकडे आपल्या चळवळीचेही दुर्लक्ष झाले. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानातील नोकराला पाच तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती दिली होती. २०१७ च्या नव्या कायद्याने ती अर्ध्या तासावर आणली, आणि तो कायदाच दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता मर्यादित केला. आठ नोकरांच्या कापडदुकानातील मुलीला त्या दिवसापासून या कायद्याने दिलेली मधली सुट्टीच उरली नाही. आता २०२५ च्या निर्णयाने ही रेषा दहावरून वीसवर नेली आहे. एका सहीने किती जणांच्या डब्याची वेळ मालकाच्या मर्जीवर गेली, याची चर्चा कोणत्याही सभागृहात माझ्या वाचनात आली नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, बी. ए. झालेली, अशाच एका मोठ्या दुकानात साड्या दाखविते. सणासुदीला अकरा अकरा तास. बसावयास स्टूल नाही, कारण विक्रेती बसलेली दिसली तर गिऱ्हाइकाला ते उद्धट वाटते, असे शेठजींचे मत. “सर, भूक सोसते हो,” ती मला म्हणाली, “पण पाणी पिण्याचीच भीती वाटते.” प्रसाधनगृह शेजारच्या इमारतीत आहे, आणि तिकडे जाण्यास लागणारी मिनिटे जेवणाच्या सुट्टीतून वजा होतात. केरळात नेमके याच दोन गोष्टींवरून, आधी प्रसाधनगृह आणि मग बसण्याचा हक्क, कोळिकोडच्या दुकानांतील स्त्रियांनी विजी पेनकूट यांच्या पुढाकाराने वर्षानुवर्षे लढा दिला. २०१८ मध्ये तेथल्या दुकाने कायद्यात बसण्याच्या सोयीची तरतूद झाली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. आपण पुरोगामी महाराष्ट्र म्हणवितो.

मे २०२४ मध्ये हरियाणातील मानेसर येथे एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या गोदामात चहाची सुट्टी संपल्यावर कामगारांकडून शपथ घेवविण्यात आली: सहा मालमोटारी रिकाम्या होईपर्यंत आम्ही लघवीला जाणार नाही, पाणी पिणार नाही. वर्तमानपत्रांत हे आल्यावर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस काढली. ही घटना मी पुनःपुन्हा आठवतो ती क्रौर्यासाठी नव्हे. क्रौर्याला नवल नाही. त्यात शपथ आहे, याचे नवल आहे. पूर्वीचा मुकादम शिवी देई; आता कामगाराने स्वतःच्या तोंडाने स्वतःची विश्रांती नाकारावयाची. संमतीचे नवे राज्य ते हे.

संमतीचा मुद्दा आपल्याकडेही येतोच. जादा तासांसाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सरकार सांगते. ज्याचे कंत्राट महिनाअखेर संपते त्याची संमती कशी असते हे साथींना सांगावयास नको. पण आपल्यातलेही काही प्रामाणिक कार्यकर्ते मला सांगतात की, कामगारालाच मधली सुट्टी नको असते. तो कर्जतहून येतो, अर्धा तास आधी सुटला तर त्याला आधीची गाडी मिळते. हे खरे आहे, आणि त्याची टवाळी करण्यात अर्थ नाही. ज्याचे चार तास रेल्वेत जातात त्याला अर्धा तास घरी हवा असतो. परंतु जो हक्क प्रत्येकाने वेगवेगळा विकावयाचा तो सगळ्यांचाच बुडतो, कारण एकाने सुट्टी सोडली की दुसऱ्याची सुट्टी आळस ठरते. किमान वेतनाखाली काम करण्याची संमती कायदा ग्राह्य धरत नाही. किमान विश्रांतीखाली काम करण्याची संमतीही ग्राह्य धरता कामा नये. गाडीचा प्रश्न गाडीपाशीच लढावा लागेल.

दुसरी एक मांडणी आमच्या अर्थशास्त्रज्ञ बांधवांना प्रिय आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या प्रकृतीविषयी समिती नेमली होती, तिच्यासाठी व्हर्नन यांनी मोजमापे घेऊन दाखविले की, कामाचे तास कमी केल्यावर दर तासाचे उत्पादन वाढते. विश्रांती दिल्याने मालकाचेच भले होते, असा त्याचा निष्कर्ष काढतात. निष्कर्ष खोटा नाही आणि वाटाघाटीत तो जरूर वापरावा. पण हक्काचा पाया म्हणून तो मला मान्य नाही. उद्या कोणी अभियंत्याने मोजून दाखविले की सहा तास सलग राबविल्यानेही अमुक यंत्रावर उत्पादन घटत नाही, तर काय आपण डबा मिटून ठेवावयाचा? राज्यघटनेचा ४३ वा अनुच्छेद कामगाराला माणसासारखे जीवन आणि फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळवून देण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगतो. त्यात उत्पादकतेची अट घातलेली नाही.

ज्यांच्यापाशी घड्याळच नाही त्यांचे काय? उसाच्या फडात कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, टनावर मजुरी मिळते. उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस चुकला तर मुकादम खाडा लावतो. तेथे विश्रांती बिनपगारी नसून दंडाची आहे. बीड जिल्ह्यातील स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. यामागे डॉक्टरांची लूट आहे, अज्ञान आहे, लहान वयातली लग्ने आहेत. पण पाळीचे चार दिवस आणि आजाराचा एक दिवसही परवडत नाही, हे त्यातले मोठे कारण आहे. विश्रांती नाकारली गेल्याची किंमत शरीराने इतक्या उघडपणे दिल्याचे दुसरे उदाहरण माझ्यापुढे नाही. गिरणगावाच्या वैभवाच्या दिवसांतही कामगाराचा अर्धा तास ज्यांच्या डब्यांवर निभे त्या खाणावळवाल्या बायकांना स्वतःचा अर्धा तास नव्हताच. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले तेव्हा त्या प्रथम कामगार म्हणून मोजल्या गेल्या. आज दारोदार जेवण पोहोचविणाऱ्या तरुणांचे तसेच आहे. तो भागीदार म्हणविला जातो. भागीदाराला मधली सुट्टी नसते.

तेव्हा पक्षाच्या आणि संघटनांच्या साथींनी येत्या काही महिन्यांत काय करावे, एवढे सांगून थांबतो. एप्रिल २०२३ मध्ये तमिळनाडू विधानसभेने बारा तासांचे विधेयक संमत केले होते. सत्ताधाऱ्यांच्या मित्रपक्षांसह सर्व कामगार संघटना उभ्या ठाकल्या आणि १ मे रोजी मुख्यमंत्र्यांना ते मागे घेतल्याचे जाहीर करावे लागले. म्हणजे मागे घेववता येते. आपल्याकडे संहितेखालील विश्रांतीची अधिसूचना ‘सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास, त्या वेळी काम संपूर्ण बंद, कामाची जागा सोडण्याची मुभा, आणि सुट्टीत काम पडल्यास त्याचे दुप्पट दराने वेतन’ अशा स्पष्ट शब्दांत निघाली पाहिजे, ही एकच मागणी घेऊन प्रत्येक जिल्ह्यातील कामगार उपायुक्तांच्या कचेरीवर जावे. दहा तासांहून अधिक दिवस असेल तेथे दुसरा अर्धा तास, आणि तो पगारी. वीसच्या रेषेखालील दुकाने पुन्हा कायद्याखाली आणावीत. त्याआधी एक काम मात्र सरकारवर अवलंबून नाही. आपापल्या औद्योगिक वसाहतीत, बाजारपेठेत, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान जाऊन उभे राहावे आणि कोण जेवावयास बाहेर येतो, किती वाजता येतो, किती मिनिटांनी आत जातो, हे वहीत टिपावे. पूर्वी हे काम सरकारी निरीक्षकाचे होते. नव्या संहितेने त्याला निरीक्षक आणि सुविधाकार असे जोडनाव दिले आहे, आणि तो आता संगणकाने नेमून दिलेल्या दाराशीच जाणार आहे. त्या वह्या जिल्हा कचेरीत जमा झाल्या की पुढचा लेख त्यांवरून लिहिता येईल.